पूल लावणारी माणसं

रबराचं झाड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बँकेच्या कोपऱ्यात, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, सोसायटीच्या जिन्याखाली ते कुंडीत उभं असतं. जाड, तुकतुकीत, गडद हिरवी पानं आणि शेंड्याला तांबूस टोपी. कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. कधीमधी कुणी कपातला उरलेला चहा त्या कुंडीत ओततं, आणि तरीही ते बिचारं जगतं. वनस्पतिशास्त्रात त्याला फायकस इलॅस्टिका म्हणतात. आपले वड, पिंपळ आणि उंबर हे सगळे फायकसच. म्हणजे आपण ज्याला कुंडीत कोंबलं आहे ते वडाचं भावंड आहे. मोकळ्या रानात ते वडासारखंच पसरतं, वडासारख्याच त्याला पारंब्या फुटतात. आणि या देशाच्या एका कोपऱ्यात माणसं याच पारंब्यांवरून नदी ओलांडतात. आज त्या पुलांविषयी आणि पूल करणाऱ्या माणसांविषयी थोडं बोलायचं आहे.

हा कोपरा म्हणजे मेघालयाचा दक्षिण उतार. खासी आणि जैंतिया टेकड्या जिथे एकदम कोसळतात आणि बांगलादेशातलं सिल्हेटचं मैदान सुरू होतं, तो भाग. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग मैदान ओलांडून येतात आणि या भिंतीला धडकतात. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेलं चेरापुंजी इथलंच. तिथली माणसं त्याला सोहरा म्हणतात. सोहरा आणि शेजारचं मावसिनराम इथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात साधारण ७०० मिलिमीटर पडतो, त्यावरून अंदाज करा. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बारा महिन्यांतल्या पावसाचा तो जागतिक विक्रम आहे. ते सगळं पाणी जागच्या जागी उभं राहिलं असतं, तर आठ मजली इमारत बुडाली असती!

पण पाणी उभं राहत नाही. ते दऱ्यांतून धावतं. हिवाळ्यात ज्या ओढ्यातले दगड मोजता येतात, तोच ओढा पावसाळ्यात खडक गडगडत नेतो. आणि माणसाचं आयुष्य तर ओढ्याच्या दोन्ही काठांना वाटलेलं असतं. गाव एका उताराला, सुपारीच्या बागा दुसऱ्या उताराला, बाजार तिसरीकडेच. सुपारी, विड्याची पानं, संत्री, तमालपत्र, मध ही इथली कमाई. ती पाठीवरच्या उभट टोपलीत भरायची, टोपलीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि चालायचं. मधला ओढा ओलांडता आला नाही तर बाग असून उपयोग नाही.

आमच्या कोकणात ओढ्यावर साकव घालतात. दोन खांबे, वर फळ्या किंवा पोफळीची खोडं, धरायला एक काठी. पावसाळ्यात वाहून गेला तर पुन्हा घालायचा. खासी माणसांनीही बांबूचे साकव घातलेच असतील, अजूनही घालतात. पण त्या ओलाव्यात बांबू दोन-चार पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही. लाकूड कुजतं. लोखंड गंजतं. जे मेलेलं आहे ते त्या हवेत सडतंच. मग टिकतं काय? जे जिवंत आहे ते. हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव इतिहासात नाही.

पूल कसा होतो ते सांगतो. ओढ्याच्या काठावर, पुराच्या रेषेच्या वर, एक रोप लावायचं किंवा आधीच उभं असलेलं झाड निवडायचं. या झाडाला खोल माती लागते असं नाही. खडकाच्या फटीत, कड्याच्या तोंडावरही ते मुळं रोवून उभं राहतं आणि काठाची माती धरून ठेवतं. झाड मोठं झालं की खोडाला, फांद्यांना पारंब्या फुटतात. कोवळी पारंबी दोरीसारखी लवचिक असते. मग ओढ्यावर बांबूचा सांगाडा घालायचा आणि त्याच्या आधारानं एकेक पारंबी समोरच्या काठाकडे वळवायची. काही ठिकाणी पोफळीचं खोड उभं चिरून, आतून पोखरून त्याची पन्हळ करतात आणि पारंबी तिच्यातून नेतात. पन्हळीत ओल राहते, पारंबी सुकत नाही, वाट चुकत नाही. दरवर्षी थोडं थोडं पुढे. मधल्या काळात सांगाडा कुजतो, तो बदलायचा. पारंबी वाकडी गेली, सरळ करायची. नवी फुटली, जुनीत गुंफायची. शेवटी एक दिवस टोक पलीकडच्या मातीत जातं.

खरी गंमत इथून पुढे आहे. पारंबीला माती मिळाली की ती पारंबी राहत नाही, मूळ होते. ती जाड होऊ लागते, ताणली जाते. जिथे दोन मुळं एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेली असतात, तिथे काही वर्षांनी साली एकमेकींत मिसळतात आणि आतलं लाकूड एकजीव होतं. नुसत्या गाठीचा सांधा होतो, तोही खिळा-बोल्टाशिवाय. अशी शेकडो मुळं विणली गेली की त्यांचीच चौकट, त्यांचाच कठडा. पायाखालच्या फटींत दगड आणि माती भरली की वाट तयार. रोप लावल्यापासून माणसाचा भार निर्धास्त पेलण्यापर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात. कधी तीस. पण त्यानंतरचं गणित आपल्या पुलांच्या उलट आहे. आपला पूल उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत मजबूत असतो आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारा होऊ लागतो. हा पूल पहिल्या दिवशी सर्वांत कच्चा असतो आणि दरवर्षी थोडा पक्का होत जातो. झाडाची निगा राखली तर तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. काही पूल शेकडो वर्षांचे आहेत असं गावकरी सांगतात.

खासी भाषेत या पुलाला ‘जिंगकियेंग जरी’ म्हणतात. जिंगकियेंग म्हणजे पूल आणि जरी म्हणजे हे रबराचं झाड. या पुलांचं लेखी वर्णन सापडतं ते हेन्री यूल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात. हाच यूल पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाचा कर्ता झाला. त्याच्या नंतर काही वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या टेकड्यांत आला, त्यानंही हे पूल पाहिले. पण साहेबाच्या सरकारला या झाडात रस होता तो वेगळ्याच कारणानं. त्याला चीक हवा होता, रबरासाठी. १८७०च्या दशकात आसामात चारदुआर इथे या झाडांची सरकारी लागवडही झाली. पुढे ब्राझीलचं रबराचं झाड जास्त किफायतशीर ठरलं आणि फायकस इलॅस्टिका कुंडीत येऊन बसलं. झाड एकच. एकानं त्याला चीक किती निघतो ते पाहिलं, दुसऱ्यानं ते किती दूर हात पोचवू शकतं ते पाहिलं.

मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण काही वर्षांपूर्वी शिलाँगला एका कार्यक्रमासाठी जाणं झालं, तेव्हा दोन दिवस काढून सोहऱ्याच्या खाली नोंग्रियाट गावी उतरलो. ‘उतरलो’ हा शब्द अगदी खरा. तिरना गावापर्यंत गाडी जाते, तिथून तीन हजारांहून अधिक पायऱ्या. वाटेत तारांचे झुलते पूल लागतात. पन्नाशीतल्या गुडघ्यांना दर शंभर पायऱ्यांनंतर काहीतरी सांगायचं असतं! बरोबरचा वाटाड्या विशीतला पोरगा होता. तो हिंदीत एवढंच म्हणे, “आराम से, अंकल. पूल भागकर नहीं जाएगा.”

खाली उमशियांग ओढ्यावर तो प्रसिद्ध दुमजली पूल आहे. एकाच झाडाच्या मुळांचे एकावर एक दोन पूल. खालचा मोठ्या पुरात पाण्याखाली जाऊ लागला म्हणून वरचा केला, असं गावात सांगतात. त्यावर पाय ठेवला तेव्हा मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. कठडा म्हणजे मनगटाएवढं मूळ. गार, ओलसर. पण पूल हलला नाही. वाटेतला तारेचा पूल पाळण्यासारखा झुलत होता, हा पायाखाली जमिनीसारखा घट्ट. काठावरच्या टपरीत एक मावशी चहा देत होत्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला ‘काँग’ म्हणतात. काँगनं चहाबरोबर क्वाय पुढे केला. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. घरी आलेल्याला क्वाय दिल्याशिवाय खासी माणसाचा पाहुणचार होत नाही. पूर्वी अंतरही क्वायमध्ये मोजत. अमुक गाव किती दूर? दोन क्वाय चघळून होतील इतकं दूर. आपल्याकडे सुपारी देतात ती लग्नाची; तिथे ती कोसाचा दगडही होती.

त्या दोन दिवसांत मला परकं फार थोडं वाटलं. पावसात शेतात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर बांबूचं आणि पानांचं कवच होतं. ते त्याला ‘कनुप’ म्हणतात, आपण इरलं म्हणतो. गावचा कारभार पाहणाऱ्या सभेला ते ‘दोरबार’ म्हणतात. हा फारसी ‘दरबार’ फिरत फिरत त्या डोंगरात कधी पोचला कुणास ठाऊक, पण तिथे तो राजाचा राहिला नाही, गावाचा झाला. खासी भाषा ज्या ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली आहे, त्याच कुळातली कोरकू भाषा आपल्या मेळघाटात बोलली जाते, हेही सांगायला हवं. आपण ज्याला दूरचा ईशान्य भारत म्हणतो, त्याचं एक दूरचं नातं अमरावती जिल्ह्यात आहे.

या दोरबाराशी पुलाचा संबंध आहे. एका माणसाच्या आयुष्यात पूल पुरा होईलच असं नाही. रोप लावणारा आजोबा, पारंब्या वळवणारा बाप आणि भारा घेऊन चालणारी नात, अशी ती वाटणी असते. म्हणून हे काम कधी एखाद्या कुटुंबाचं, कधी साऱ्या गावाचं असतं. आणि दुरुस्तीसाठी वेगळं खातं नाही. जो पुलावरून जातो, तो जाता जाता एखादी लोंबती पारंबी खुपसून जातो. वापरणं आणि राखणं ही दोन कामं तिथे वेगळी झालेली नव्हती. हे मी भूतकाळात म्हणतो आहे, कारण अडचण नेमकी इथेच सुरू झाली आहे.

१९४७ साली या उताराच्या पायथ्याशी देशाची सीमा आली. पिढ्यान्‌पिढ्या खासी माणूस आपली सुपारी, संत्री घेऊन खाली सिल्हेटच्या बाजारात जात होता. तो बाजार एका रेघेनं परदेश झाला. उलट्या दिशेला, वर शिलाँगकडे तोंड करून जगायची वेळ आली. पुढे रस्ते आले, तार आली, सिमेंट आलं. तारेचा पूल काही महिन्यांत उभा राहतो. मुळांच्या पुलाला वीस वर्षं लागतात. तरुण मुलं शिकायला आणि नोकरीला शहरात गेली. ज्या वाटेवरून कुणी जात नाही, त्या वाटेवरच्या पुलाची पारंबी कोण खुपसणार? न वापरलेला पूल हळूहळू पुन्हा नुसतं झाड होतो. काही पूल दरडींनी नेले, काही पुरानं, काही रानातल्या आगीनं.

आणि काही पुलांवर नेमकं उलटं संकट आहे. तिथे माणसं फार झाली. फोटो सगळ्या जगात गेले आणि पर्यटकांची रांग लागली. मावलिन्नाँगजवळच्या रिवाई गावच्या पुलावर गर्दीच्या दिवसांत लोकांना थांबू नका, पुढे चला, असं सांगावं लागतं. हजारो बुटांखाली सालीला जखमा होतात, वरची माती निघून जाते, कोवळ्या मुळांची टोकं तुडवली जातात. गर्दी आणि पूल यांचं काय होतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. १५ जून २०२५ला मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या भारानं कोसळला आणि चार माणसं गेली. लोखंड आधी आवाज करतं, मग तुटतं. झाड आवाज करत नाही. ते पाच-दहा वर्षं खंगतं आणि मग एखाद्या पावसाळ्यात राहत नाही.

अशा वेळी आपण शहरातली माणसं पटकन म्हणतो, ‘ही परंपरा जपली पाहिजे.’ कुणी जपायची? तीन हजार पायऱ्या चढून आजारी माणसाला पाठीवरून वर न्यावं लागतं, त्या गावाला रस्ता हवासा वाटला तर त्यात त्याची काय चूक? आपल्या डोळ्यांना बरं वाटतं म्हणून दुसऱ्यानं सिमेंट नाकारावं, हे म्हणणं न्यायाचं नाही. मी त्या पोराला विचारलं, तुला गावात रस्ता हवा का? तो म्हणाला, “रस्ता भी चाहिए, पूल भी चाहिए.” यापेक्षा शहाणं उत्तर मला कुठल्या अहवालात सापडेल असं वाटत नाही.

कारण ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. रस्ता यावा, दवाखाना यावा, शाळा यावी. आणि बागेच्या वाटेवर, जिथे गाडी कधीच जाणार नाही, तिथे मुळांचा पूल राहावा. त्याला सिमेंट लागत नाही, खडी लागत नाही. तो काठ धरून ठेवतो, पाखरांना फळं देतो. २०१९ साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले वास्तुविशारद फर्डिनांड लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७४ पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापलेल्या शहरांत जिवंत झाडांपासून बांधकाम करता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. सर्वांत लांब पूल रांगथिल्लियांग गावाजवळ आहे, ५० मीटरहून जास्त. २०२२ साली या पुलांचा सारा प्रदेश, ७०हून अधिक गावांसह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाला. गावागावांत तरुण मंडळी जुने पूल दुरुस्त करू लागली आहेत, पर्यटकांच्या तिकिटाचा पैसा त्या कामात घालू लागली आहेत. म्हणजे पर्यटक हा नुसता शत्रू नाही. त्याला नियम घालून दिले तर तो राखणदाराचा पगारही देऊ शकतो.

एक गोष्ट आणखी सांगायची आहे. असे पूल फक्त मेघालयात आहेत असं नाही. इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रातल्या बायांग नदीवर, दोन काठांवरच्या दोन झाडांच्या मुळांचा एक पूल आहे. तिथले लोक सांगतात की पाकिह सोहान नावाच्या एका धर्मशिक्षकानं १८९०मध्ये तो सुरू केला, पलीकडच्या काठावरच्या मुलांना शिकायला येता यावं म्हणून. पूल चालण्याजोगा झाला १९१६मध्ये. सव्वीस वर्षं! ज्या मुलांसाठी तो सुरू केला, ती तोवर बापलोक झाली असणार. त्या पुलावरून शिकायला गेली ती त्यांची मुलं. आमच्याकडे ‘सदका-ए-जारिया’ असा एक शब्द आहे. वाहतं दान. देणारा गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना होत राहतो असं दान. विहीर खणणं, झाड लावणं, पूल बांधणं, ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणं. झाड आणि पूल एकच असू शकतात, हे मात्र मला त्या डोंगरात गेल्यावर उमगलं. खासी माणूस त्याला हे नाव देत नाही, दानही म्हणत नाही. तो म्हणतो, आजोबांनी आमच्यासाठी लावला, आम्ही पोरांसाठी लावतो.

आपल्या गावच्या पुलांची आपण किती चौकशी करतो? बांधला कुणी, तपासला कधी, भार किती पेलतो, ही माहिती पूल पडल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते. तोवर तो पूल ‘सरकारचा’ असतो. मेघालयातल्या त्या उतारावर पूल गावाचा असतो, म्हणून त्याची प्रकृतीही गावाला ठाऊक असते. आपल्याला मुळांचे पूल करता येतील असं नाही. आपला पाऊस वेगळा, आपली गरज वेगळी. पण जाता जाता एक लोंबती पारंबी खुपसून जाण्याची सवय कुठल्याही हवेत रुजू शकते. साकवाची सैल फळी दिसली तर ग्रामसभेत बोलायचं. कठडा हलत असेल तर लिहून द्यायचं. पुलावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला, बाबा रे, पुढे चल, असं म्हणायचं.

आज त्या डोंगरात कुणी रोप लावलं, तर २०५०च्या आसपास त्याच्या मुळांवरून माणूस चालेल. लावणाऱ्याला हे माहीत असतं, आणि तरी तो पावसाळ्याच्या तोंडाशी खड्डा खणतो. जोवर असा एखादा माणूस तिथे आहे, तोवर पूल आहेत.